उतारवयातले अनियमित ठोके: एट्रियल फिब्रिलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी आणि घरात त्यांच्या गोळ्या-औषधांचं बघणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. ठोके अनियमित होण्याची कारणं अनेक असली, तरी उतारवयात औषध लागणारं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलीत ‘एएफ’. गोळ्यांचे आकडे दिलेत ते चिठ्ठी समजावी म्हणून. त्यावरून डोस स्वतः बदलू नका.

एएफमध्ये हृदयात नेमकं काय होतं?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना एट्रिया म्हणतात. एरवी उजव्या एट्रियमच्या वरच्या टोकाला असलेल्या सायनस नोडमधून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा संदेश निघतो आणि त्या तालावर सगळं हृदय आकुंचन पावतं. एएफमध्ये एट्रियात मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत संदेश फिरू लागतात. एट्रिया नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचा एव्ही नोड यातले बरेचसे संदेश अडवतो, म्हणून नाडी ४०० होत नाही. पण जे संदेश सुटतात ते कसेही सुटतात. त्यामुळे नाडी वेगवान आणि पूर्णपणे बेताल लागते.

खरा धोका या धडधडीत नाही. डाव्या एट्रियमला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. एट्रियम आकुंचन पावेनासं झालं की तिथलं रक्त साचून राहतं, गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की अर्धांगवायू. एएफमुळे ही शक्यता सुमारे पाचपट होते. उपचारात रक्त पातळ करणाऱ्या गोळीला पहिलं स्थान आहे ते यासाठी.

मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. हेच का ते?

बहुतेकदा नाही. एक ठोका वेळेआधी पडतो, मग किंचित थांबा येतो आणि पुढचा जोरात जाणवतो. हे जादा ठोके बऱ्याच जणांना असतात आणि हृदय एरवी ठीक असेल तर सहसा निरुपद्रवी ठरतात. मात्र हे नुसत्या बोटांनी खात्रीने ओळखता येत नाही, एकदा ईसीजी काढावा. नाडी ५० च्या खाली राहते आणि सोबत चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, असं असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे हृदयातल्या विजेच्या संदेशाच्या वाटेत अडथळा असू शकतो. डॉक्टरांना दाखवायला थांबू नये.

घरी नाडी कशी बघायची?

पाच मिनिटं शांत बसा. नुकताच जिना चढलेला नसावा, चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते. मोजायचं ते पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय एएफमध्ये फसवते, कारण एका पाव मिनिटात १८ ठोके लागतात तर पुढच्यात २८.

आकड्याइतकंच तालाकडे लक्ष द्या. दोन ठोक्यांतलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं आहे का, काही ठोके जोरात आणि काही जेमतेम लागतात का? काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेला आकडा मनगटापेक्षा जास्त निघतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ठोक्यांचा आकडा सतत ७२, ९८, ८१ असा उड्या मारत असेल तर तीही खूण धरा. बीपीचं डिजिटल मशीन एएफमध्ये दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजून सरासरी लिहा, एकाच मोठ्या आकड्याने घाबरू नका.

काहीच त्रास नाही. मग औषध कशाला?

गुठळीला त्रास जाणवण्याशी देणंघेणं नाही. वयस्करांमध्ये एएफ बरेचदा मुकाट असतो. कधीकधी पहिलं लक्षण थेट अर्धांगवायूच. शिवाय त्रास असला तरी तो वयाच्या खाती टाकला जातो: दोन मजले चढणारे आजोबा पहिल्याच मजल्यावर थांबतात, आजी दुपारभर आडव्या होतात. झटका येऊन जाणाऱ्या एएफमध्ये त्या तासा-दोन तासांत वारंवार भरपूर लघवी होते, हेही फार जण सांगायचं विसरतात.

कोणत्या तपासण्या लागतात?

निदान ईसीजीवरच होतं. ठोके सुरळीत असताना काढलेला ईसीजी नॉर्मल येतो, म्हणून झटके येऊन जात असतील तर २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र), आणि त्यातही सापडलं नाही तर ७ ते १४ दिवसांचा छातीला चिकटवायचा पॅच लावतात. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा, डाव्या एट्रियमचा आकार आणि हृदयाची पंपिंगची ताकद दिसते. रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनीन (किडनीसाठी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लिव्हरच्या चाचण्या. टीएसएच वगळू देऊ नका: थायरॉइड जास्त काम करत असेल तर उतारवयात त्याची एएफ ही एकच खूण दिसू शकते, आणि ते आटोक्यात आलं की ठोकेही अनेकदा ताळ्यावर येतात.

रक्त पातळ करणारी गोळी कोणाला लागते?

गुण मोजून ठरतं. हार्ट फेल्युअर १, बीपी १, मधुमेह १, आधी हार्ट अटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा पुढे २, आधी अर्धांगवायू किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत स्त्रियांना एक जादा गुण होता. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला. २ किंवा अधिक गुणांना गोळी हवीच, एका गुणाला डॉक्टर बाकी परिस्थिती बघून ठरवतात. म्हणजे ७६ वर्षांच्या माणसाला दुसरा कोणताही आजार नसला तरी गोळी लागते. एएफ कायमचा आहे की येऊन-जाऊन, याने या हिशोबात फरक पडत नाही. आणि र्‍हुमॅटिक तापाने माइट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) बऱ्यापैकी अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर गुण मोजायचेच नाहीत, गोळी लागतेच.

त्यापेक्षा ॲस्पिरिन सौम्य नाही का?

नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आव्हेरोज चाचणीत ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीने ॲस्पिरिनच्या तुलनेत अर्धांगवायूचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटवलं, आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. स्टेंट वगैरे दुसऱ्या कारणासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर दोन्ही किती महिने एकत्र घ्यायच्या हे हृदयरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा. वर्षानुवर्षं दोन्ही चालू राहिलेल्या चिठ्ठ्या खूप दिसतात.

जुनी वॉर्फरिन की नव्या गोळ्या?

नव्या चार आहेत: ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन, एडॉक्साबॅन. यात वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासावा लागत नाही आणि मेंदूतला रक्तस्राव वॉर्फरिनपेक्षा कमी होतो. नव्याने गोळी सुरू करायची असेल तर बहुतेकांना यातलीच दिली जाते. जेनेरिक आल्यापासून त्या पूर्वीइतक्या महागही राहिलेल्या नाहीत.

पण दोन ठिकाणी त्या चालत नाहीत: धातूची झडप आणि अरुंद झालेली र्‍हुमॅटिक माइट्रल झडप. तिथे वॉर्फरिन किंवा आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी ॲसेनोकुमारॉल. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत र्‍हुमॅटिक झडपेच्या रुग्णांत रिव्हारॉक्साबॅन वॉर्फरिन गटातल्या औषधांपेक्षा कमी पडली. आपल्याकडे हा झडपेचा आजार अजून बराच आहे, तेव्हा ‘शेजारच्या काकांना नवी गोळी दिली, आम्हाला जुनीच का’ याचं उत्तर इकोच्या रिपोर्टात सापडेल.

एक तिसरी गोष्ट. वय झालेलं, अशक्त माणूस वर्षानुवर्षं वॉर्फरिनवर आहे आणि आयएनआर छान २ ते ३ मध्ये राहतोय. अशा वेळी केवळ नवी आली म्हणून गोळी बदलायची घाई नको. नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा नाजूक प्रकृतीच्या वयस्करांची गोळी बदलल्यावर रक्तस्राव वाढला.

क्रिएटिनीन नॉर्मल आहे, तरी डॉक्टरांनी डोस कमी का केला?

चुका सर्वांत जास्त होतात त्या इथे. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. उतारवयात स्नायूच कमी, म्हणून किडनी मंदावली तरी आकडा नॉर्मल दिसतो. बहुतेक नव्या गोळ्यांचा डोस ठरतो तो क्रिएटिनीन क्लिअरन्सवर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त साफ करते त्याच्या अंदाजावर. १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोतल्या वजनाने गुणा, आणि त्याला क्रिएटिनीन गुणिले ७२ ने भागा. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा.

समजा आजी ८२ वर्षांच्या, वजन ४८ किलो, क्रिएटिनीन १.०. लॅबच्या कागदावर त्यापुढे काहीच खूण नाही. हिशोब: ५८ गुणिले ४८ म्हणजे २७८४, भागिले ७२ म्हणजे ३८.७, गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ३३. तरुण निरोगी माणसाचा हाच आकडा १०० च्या आसपास असतो. आजींच्या शरीरातून गोळी किती हळू बाहेर पडेल ते यावरून कळतं. म्हणून वजन दर भेटीत सांगायचं, अंदाजाने नव्हे, काट्यावर करून.

ॲपिक्साबॅनचा नेहमीचा डोस ५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. तो २.५ करायचा तर तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनीन १.५ किंवा जास्त. आजी पहिल्या दोनांत बसतात. ७८ वर्षांचे, ६५ किलोचे, १.३ क्रिएटिनीनचे आजोबा एकातही बसत नाहीत. त्यांना ‘वय झालंय’ म्हणून निम्मा डोस देणं म्हणजे अर्धांगवायूचा धोका ठेवून वर गोळीचा खर्च करणं. रिव्हारॉक्साबॅन २० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, क्लिअरन्स ५० च्या खाली असेल तर १५. डॅबिगॅट्रॅन १५० दोनदा, वय ऐंशीच्या पुढे असेल तर ११०, आणि क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर शक्यतो नाहीच. किडनीची तपासणी वर्षातून एकदा, पण पंचाहत्तरीनंतर किंवा क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर दर चार ते सहा महिन्यांनी. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच.

गोळ्या घेण्यात काय चुकतं?

रिव्हारॉक्साबॅन रिकाम्या पोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. पोटभर जेवणासोबतच घ्यायची, चहा-बिस्किटासोबत नाही. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळू नका, आणि आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, दमट हवेने ती खराब होते. बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्या, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते.

डोस विसरला तर: दोनदा घ्यायच्या गोळीला ६ तासांच्या आत, एकदा घ्यायच्या गोळीला १२ तासांच्या आत आठवलं तर घ्या. त्यापुढे तो डोस सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो. स्ट्रिप संपली आणि ‘सोमवारी आणू’ म्हटलं, तर शनिवार-रविवार माणूस संरक्षणाविना राहतो. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की नवी आणा.

वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमारॉलचा डोस दिवसागणिक वेगळा असू शकतो, जसं की तीन दिवस २ मि.ग्रॅ. आणि चार दिवस ३. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत रोजचा आकडा लिहा आणि गोळी घेतल्यावर खूण करा.

पालेभाज्या बंद करायच्या का?

नव्या गोळ्यांना काहीच पथ्य नाही. वॉर्फरिनवाल्यांनीही पालक, मेथी, शेपू, अळू बंद करू नये. प्रमाण दर आठवड्याला साधारण तेवढंच ठेवावं. गडबड होते ती महिनाभर काही नाही आणि मग श्रावणात रोज पालेभाजी, अशा उलटापालटीने.

उपवासाच्या दिवशी काय?

रिव्हारॉक्साबॅन असेल तर भगर-आमटी, साबुदाण्याची खिचडी असं त्या दिवसातलं जे मोठं खाणं असेल त्याच्यासोबत गोळी घ्या. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवता तर रात्री. बाकीच्या गोळ्या वेळेवर, पाण्यासोबत. औषधाने उपवास मोडत नाही असं घरच्या मोठ्यांनीच सांगितलेलं बरं. निर्जळी मात्र नको. पाणी कमी पडलं की किडनी मंदावते, पोटॅशियम बिघडतं आणि ठोके पुन्हा उधळतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारणं भाग आहे.

गुडघे दुखतात, सर्दी होते. कोणती औषधं टाळायची?

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. केमिस्टकडून सहज मिळणाऱ्या बहुतेक ‘दुखण्याच्या’ गोळ्यांत यातलंच काहीतरी पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं असतं, तेव्हा स्ट्रिपच्या मागचं नाव वाचा. नुसती पॅरासिटामॉल चालते. कंबर धरली म्हणून कमरेत दुखण्याचं इंजेक्शन, ही आपल्याकडची जुनी सवय. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. इंजेक्शनच्या आधी गोळीचं नाव सांगा.

सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन बीपी वाढवू शकतं, आणि दम्याच्या नेब्युलायझेशनमधलं साल्ब्युटामॉल ठोके वाढवतं. जुलाबांसाठीच्या मेट्रोनिडाझोलने वॉर्फरिनचा परिणाम वाढतो. अशी गोळी सुरू झाली की तीन ते पाच दिवसांत आयएनआर बघा. टीबीच्या उपचारातली रिफाम्पिसिन उलट करते: नव्या गोळ्या आणि वॉर्फरिन, दोन्हींचा प्रभाव घटवते. स्वयंपाकातली हळद-लसूण ठीक, त्यांच्या कॅप्सूल नकोत. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. अर्जुनारिष्ट या गोळ्यांच्या जागी चालत नाही.

आई दोनदा पडली. गोळी बंद करावी का?

फक्त त्यासाठी नाही. १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब मांडला होता: वॉर्फरिनचा तोटा तिच्या फायद्यावर मात करायला माणूस वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावा लागेल. तो कागदावरचा हिशोब, पण मुद्दा खरा आहे. पडण्याची कारणं शोधा: उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, झोपेची गोळी, न्हाणीघरातली ओली फरशी, मोतीबिंदू, किंवा मध्येच मंदावणारे ठोके. डोक्याला मार लागला असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन सीटी स्कॅनबद्दल विचारा.

दात काढायचाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गोळी कधी थांबवायची?

मोतीबिंदूसाठी सहसा थांबवावी लागत नाही. एखादा दात काढायलाही बहुधा नाही, फार तर त्या दिवशी सकाळचा डोस पुढे ढकलतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी नव्या गोळ्या साधारण एक ते दोन दिवस, किडनी मंद असेल तर जास्त. ‘कधी थांबवायची’ सोबत ‘कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची’ हेही लिहून घ्या. बंद केलेली गोळी महिनाभर सुरूच न करणं ही नेहमीची चूक आहे.

वेग आटोक्यात ठेवायच्या गोळ्यांचं काय?

मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल, नाहीतर डिल्टियाझेम. बसलेल्या अवस्थेत ठोके ११० च्या आत आले आणि त्रास नसला तर तेवढं पुरतं. धाप लागत असेल तर ८० च्या आत आणतात. पंपिंग कमी असलेल्यांना डिल्टियाझेम देत नाहीत. नाडी ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर कळवा, पण मेटोप्रोलॉल एका दिवसात बंद करू नका, ठोके उसळतात.

डिगॉक्सिनकडे बारीक लक्ष हवं. गोळी ०.२५ मि.ग्रॅ.ची मिळते, वयस्करांना बहुधा अर्धीच पुरते, आणि कधी ती आठवड्यातून पाचच दिवस असते. जेवण नकोसं होणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, पिवळसर दिसणं ही ती अंगात साचल्याची लक्षणं. लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटलं किंवा किडनी मंदावली की हे घडतं. घरचे याला ‘पित्त’ म्हणतात आणि आठवडा जातो.

ठोके पुन्हा नियमित करता येतात का?

बऱ्याच जणांत, विशेषतः एएफ सापडून वर्ष झालं नसेल तर. विजेचा शॉक देऊन ताल परत आणतात. त्याआधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकता, किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री, आणि नंतर किमान चार आठवडे गोळी. ॲमिओडॅरोन गुणकारी आहे, पण थायरॉइड, लिव्हर आणि फुप्फुसाला त्रास देऊ शकतं. दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि लिव्हरची तपासणी, नवा कोरडा खोकला आला तर लगेच डॉक्टर. ॲमिओडॅरोनसोबत वॉर्फरिन आणि डिगॉक्सिन दोन्हींचे डोस घटवावे लागतात.

ॲब्लेशनमध्ये मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी विजेची वाट तोडतात. वय ७५ म्हणून दार बंद होत नाही. एट्रियम फार मोठं झालेलं नसणं जास्त महत्त्वाचं. ॲब्लेशन यशस्वी झालं, पेसमेकर बसला, तरी गुण २ किंवा जास्त असतील तर रक्त पातळ करणारी गोळी चालू राहते. पेसमेकर ठोके मंदावू देत नाही एवढंच. एएफ थांबवत नाही.

चहा, दारू, तंबाखू?

दोन-तीन कप चहा चालतो. दारूने एएफचे झटके सरळ वाढतात. सोडली तर कमी होतात. तंबाखू आणि मशेरी दोन्हींत निकोटीन आहे. ‘मी फक्त दात घासते’ हे इथे लागू नाही. मोठ्याने घोरत असाल आणि झोपेत श्वास अडत असेल तर त्याची तपासणी करून घ्या, ते राहिलं तर एएफ पुन्हापुन्हा येतो. बीपी १३०/८० च्या आत हवं.

धावाधाव कधी करायची?

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं: १०८ ला फोन, महाराष्ट्रात आणि गोव्यातही. तोंडात पाणी किंवा ॲस्पिरिन घालू नका. शेवटचं व्यवस्थित कधी दिसले आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटी किती वाजता घेतली, या दोन वेळा कागदावर लिहून न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आदल्या ४८ तासांत नवी गोळी घेतली असेल तर ते बहुधा देता येत नाही. काहींमध्ये मग नळी घालून गुठळी काढतात, म्हणून ती सोय असलेलं रुग्णालय कोणतं ते आधीच माहीत करून ठेवा.

ठोके १२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा भोवळ, तर तसंच निघा. डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, १५ मिनिटं नाक दाबूनही न थांबणारा घोळणा हेही तातडीचंच. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते.

स्मार्टवॉचने एएफ दाखवला. खरं धरायचं?

घड्याळाने ईसीजीची ३० सेकंदांची पट्टी काढली असेल तर ती फोनमधून पाठवून डॉक्टरांना दाखवा. नुसत्या सूचनेवर औषध सुरू होत नाही.

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जायचंय. काय न्यायचं?

मुक्कामाला पुरतील त्याहून दोन आठवड्यांच्या जास्त गोळ्या, मूळ स्ट्रिपमध्ये, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव आणि मि.ग्रॅ. लिहून घ्या, भारतातली ब्रँडनावं तिकडे चालत नाहीत. शेवटचा ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि क्रिएटिनीन फोनमध्ये ठेवा. प्रवासात दोनदा घ्यायची गोळी घड्याळ न बदलता दर १२ तासांनी घ्या, आणि पोचल्यावर रोज थोडं सरकवत तिथल्या सकाळ-संध्याकाळवर आणा. वॉर्फरिन असेल तर आयएनआर कुठे करायचा आणि त्याचा खर्च प्रवासविम्यात बसतो का, हे निघण्याआधी विचारा. आधीपासूनचे आजार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.